सात वेळा लावला, लागत नाही

सोमवार, २

आजपासून रोजनिशी. बावीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवताना मुलांना सांगत आलो की जो यंत्राची नोंद ठेवत नाही, त्याला यंत्र एक दिवस तोंडघशी पाडतं. आता स्वतःचा धंदा काढला आहे, तर आपलाच उपदेश आपल्याला लागू करावा. पाटी परवा लागली: ‘जोडणी – छोट्या कचेऱ्यांसाठी संगणकसेवा’. बायको म्हणाली, “नुसतं ‘जोडणी’ वाचून लोक लग्नं जमवायला येतील.” ती छापखान्यात मुद्रितं तपासते. तिला प्रत्येक अक्षरामागे काहीतरी दिसतं.

पहिलं गिऱ्हाईक आजच आलं, आणि लग्नाचं नाही. वजनकाटे दुरुस्त करणारं दुकान. एक लांबट खोली, मधोमध ताईंचं टेबल, डावीकडे थोरल्या भावाची काचेची खोली, उजवीकडे धाकट्याची. थोरले स्प्रिंगचे आणि पारड्यांचे काटे बघतात, धाकटे इलेक्ट्रॉनिक. ताई दोघांहून मोठ्या. फोन आणि निरोप त्यांच्याकडे. निरोप म्हणजे फक्त गिऱ्हाइकांचे नाहीत. चार वर्षं झाली, हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. डावीकडून चिठ्ठी निघते, ताईंच्या टेबलावर टेकते आणि उजवीकडे जाते. मी अर्धा तास बसलो होतो, तेवढ्यात सहा चिठ्ठ्या गेल्या. त्यातली एक ‘पंखा बंद कर’ अशी होती.

कारण मी विचारलं नाही, ताईंनीच सांगितलं. “आई गेली तेव्हापासूनचं आहे. चौदा तारखेला सकाळी तिचं एकदम बिघडलं, दुपारी गेली. धाकटा परगावी कामाला गेला होता. जाताना दोघांची थोडी बाचाबाची झाली होती. थोरला म्हणतो, मी फोन लावत होतो, यानेच रागाने बंद ठेवला. धाकटा म्हणतो, मला कोणी फोन केलाच नाही. संध्याकाळी त्याने सहज घरी फोन केला तेव्हा त्याला कळलं.” मग माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाल्या, “तर यादीचं बघा.”

काम असं: गिऱ्हाइकांचे नंबर तीन ठिकाणी आहेत. थोरल्यांच्या कॉम्प्युटरात, धाकट्यांच्या कॉम्प्युटरात आणि ताईंच्या लाकडी पेटीतल्या कार्डांवर. तिन्ही एकत्र करून एका सर्व्हरवर ठेवायचे आणि सगळ्यांचे प्रोग्राम त्याला जोडायचे. “एकाला कळलं की सगळ्यांना कळलं पाहिजे,” ताई म्हणाल्या. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मुदत महिनाअखेर, कारण तीस तारखेला वकील वाटणीचे कागद घेऊन येणार आहेत. भावांचं म्हणणं, याद्या वेगळ्या, गिऱ्हाइकं वेगळी, मग दुकान एक कशाला? ताईंची आशा एवढीच की यादी एक झाली तर निदान हे कारण तरी उरणार नाही. आणि दुकानाची दोन शकलं झाली, तर माझ्या ‘जोडणी’ची सुरुवातच तोडणीने व्हायची.

मंगळवार, ३

पाहणी केली. थोरल्यांकडे ६४० नोंदी, धाकट्यांकडे ५१२, पेटीत साडेतीनशेच्या आसपास. थोरले पत्रव्यवहाराचा जो प्रोग्राम वापरतात तो इतका जुना की त्याला निवृत्तिवेतन सुरू व्हायला हवं. धाकट्यांचा अगदी नवा, दर दोन मिनिटांनी स्वतःचीच स्तुती करणारा. शिवाय पाकिटांवर पत्ते छापायचा तिसराच.

दोघांनाही माझा नियम सांगून टाकला: मी माहिती हलवतो, वाचत नाही. नळ जोडणाऱ्याने पाणी चाखायचं नसतं. थोरल्यांनी मान डोलावली. धाकट्यांनीही डोलावली. काचेतून मला दोन्ही माना दिसल्या, अगदी एकसारख्या डोलतात. मला ते सगळे ‘मास्तर’ म्हणू लागले आहेत. शाळा सोडली तरी शाळा काही सोडत नाही.

गुरुवार, ५

सर्व्हर बसवला. चपलांच्या खोक्याएवढा आहे, ताईंच्या टेबलाखाली पाय ठेवायच्या जागी. ताई म्हणाल्या, “ऊब येते, बरं आहे.”

पहिल्यांदा जोडताना प्रत्येक कॉम्प्युटर विचारतो: या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का? थोरल्यांनी चष्मा वर करून ते तीनदा वाचलं. “कोणावर?” मी म्हटलं, सर्व्हरवर. “तो ताईच्या टेबलाखाली आहे ना? मग ठेवा,” असं म्हणून ‘नेहमी’ दाबलं. धाकट्यांनी ‘फक्त या वेळी’ दाबलं. आता रोज सकाळी त्यांचा कॉम्प्युटर तोच प्रश्न विचारणार आणि ते रोज तेच उत्तर देणार. मी समजावून पाहिलं. ते म्हणाले, “रोज विचारलेलं बरं असतं, मास्तर.” गिऱ्हाइकाशी वाद घालू नये.

शुक्रवार, ६

आजचा दिवस फजितीचा. थोरल्यांच्या प्रोग्रामने सगळी मराठी नावं चौकोन-चौकोन करून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, “सगळी गिऱ्हाइकं खिडकीत गेली वाटतं.” दुपारपर्यंत ते निस्तरलं, तर पत्ते छापणाऱ्या प्रोग्रामने नवा घोळ घातला. प्रत्येक कार्डावर टीप लिहायला एक रकाना असतो. हा शहाणा तो रकानाच पत्ता समजला. धान्याच्या एका व्यापाऱ्याला जायच्या पाकिटावर छापून आलं: ‘मागच्या दाराने जा, पुढचा कुत्रा चावतो.’ नशीब, ताईंनी पाकीट टपालात टाकण्याआधी पाहिलं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “पत्त्यापेक्षा उपयोगी होतं ते.”

सोमवार, ९

एकच माणूस दोनदा, तीनदा. कुठे ‘डॉक्टर’ म्हणून, कुठे ‘डॉ. दात’ म्हणून. दोघा भावांना एकेका जोडीबद्दल वेगवेगळं विचारावं लागतं, मी डावीकडून उजवीकडे लोलकासारखा फिरतो आहे. २१४ जोड्या निकालात काढल्या.

एक नमुना सांगण्यासारखा आहे. थोरल्यांच्या यादीत क्रमांक ४१७. नावाची जागा रिकामी. नंबर लावून पाहिला, केव्हाचा बंद. असलं मढं साफसफाईत उडवायचं असतं. तरी रीत म्हणून विचारलं, “हे काढू का?” ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“राहू दे.”

“निदान नाव तरी घालू. कोणाचा आहे?”

“राहू दे म्हटलं ना, मास्तर.”

राहू दिलं. पण निनावी कार्डाचा तोटा असा की वर्णक्रमात ते सगळ्यांच्या वर जाऊन बसतं. आता ज्याच्या-त्याच्या यादीत पहिलं तेच दिसणार.

बुधवार, ११

ताईंची पेटी टाइप केली. काय अक्षर आहे बाईंचं. आणि शिस्त अशी की एखाद्याचा नंबर बदलला की जुना खोडायचा, खाली नवा, आणि कोपऱ्यात लाल शाईने बदलाची तारीख. आमच्या शाळेत ही शिस्त शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणालाही जमली नव्हती. खोडलेलं मी टाइप करत नाही, फक्त नवं.

उत्तम शिस्तीचा दाखला म्हणून मी ताईंना त्यांचंच एक कार्ड वाचून दाखवलं. धाकट्यांचं होतं. “हे बघा, चार वर्षांपूर्वीचा बदल, पण तारीख कशी लख्ख. सात.” ताईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. पाहिलं. पुन्हा माझ्या हातात न देता पेटीत अगदी तळाशी ठेवलं आणि कप विसळायला गेल्या. कप स्वच्छ होते. दिवसभर बसून थकल्या असणार. बाकीची कार्डं उद्यावर टाकली.

गुरुवार, १२

ताईंचाही कॉम्प्युटर जोडला. त्यांच्याकडे तो आहे हे भाऊ विसरूनच गेले आहेत, कारण त्याच्यावर कायम झाकण घातलेलं असतं आणि ताई त्यावर चष्म्याची दोरी अडकवतात. मी झाकण काढलं, धूळ पुसली, यादी कशी उघडायची ते तीन वेळा दाखवलं. दुसऱ्याच वेळेला जमलं, तिसऱ्यांदा मी आपल्या समाधानासाठी दाखवलं.

सोमवार, १६

जमलं. आजपासून कोणीही, कुठूनही कार्डावर काही लिहिलं की दोन मिनिटांत सगळीकडे दिसतं. प्रयोग म्हणून थोरल्यांनी गिरणीवाल्याच्या कार्डावर ‘काटा डावीकडे झुकतो’ असं लिहिलं, आणि उजवीकडच्या खोलीत धाकट्यांनी ते वाचलं. ताईंच्या मदतीशिवाय या दुकानात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेलं चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य. ताईंनी सगळ्यांना चहा केला. मी दोन कप प्यायलो. मुदतीला अजून चौदा दिवस आहेत. बायकोला म्हटलं, बघ, पाटी चुकीची नव्हती.

मंगळवार, १७

आनंद एक दिवसही टिकला नाही. सर्व्हर स्वतःची एक वही ठेवतो: कोणतं कार्ड, कधी आणि कुठून बदललं, बदलाचे पहिले काही शब्द. सकाळी ती चाळली तर क्रमांक ४१७ डोळ्यांत आलं. तेच ते निनावी मढं. मूळ टीप डावीकडची, जुनीच: ‘१४ तारीख. सात वेळा लावला. लागत नाही.’ मग आज ११.१० ला उजवीकडून: ‘जुना लावला तर कसा ला…’ ११.२६ ला पुन्हा डावीकडून: ‘नवा मला कोणी दि…’

हा बिघाड मला पुस्तकातून माहीत आहे. दोन प्रोग्राम एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि आलटून-पालटून एकमेकांचं खोडत बसतात. पण इथे खोडत नाहीत, वाढवत नेतात. मजकूर कुठल्यातरी सुट्या भागाच्या दुरुस्तीचा दिसतो. सात वेळा लावूनही लागत नाही म्हणजे स्प्रिंगच असणार. दुसऱ्या कुठल्यातरी कार्डाच्या टिपा इथे गळत आहेत. शोधतो.

बुधवार, १८

बिघाडाच्या वेळा मांडल्या. सकाळी दहाला सुरू होतो. एक ते दोन पूर्ण थांबतो. साडेपाचला बंद. म्हणजे उष्णतेचा संबंध असणार: जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थंड होतात. सर्व्हरजवळ एक छोटा पंखा ठेवला. ताई म्हणाल्या, पायांना गार लागतं. बंद केला.

आजचे तुकडे. उजवी: ‘दिला होता. पेटीत हो…’ डावी: ‘पेटी तेव्हा कुलपात. ती तिक…’ पेटी म्हणजे प्रमाण वजनांची मखमली पेटी असावी. भाग त्यात राहिला आणि पेटी कुलपात. कुणाची का असेना, दुरुस्ती फार रखडलेली दिसते.

ताईंचं मात्र कौतुक आहे. रोज सकाळी भाऊ यायच्या आधी झाकण काढून पाच मिनिटं सराव करतात. काही लिहीत नाहीत, नुसत्या पडद्याकडे बघतात, मग झाकण घालतात. आज त्यांचे डोळे लाल दिसले, म्हणून पडद्याचा उजेड कमी करून दिला.

गुरुवार, १९

संध्याकाळी बायकोला वहीतले तुकडे दाखवले. ती मुद्रितं वाचते तसं एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली. मग पुन्हा पहिल्या ओळीवर आली. “सात वेळा,” ती म्हणाली.

“हो. स्प्रिंग.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं नाकाला शाई लागली आहे. “पूर्ण टीप काय आहे ते वाचलंत?”

“नाही. तत्त्व आहे माझं.”

“चांगलं तत्त्व आहे. तुम्ही हे दुरुस्त करू नका.”

“गिऱ्हाइकाचा बिघाड तसाच ठेवू?”

“थोडे दिवस,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली. तिच्या हुशारीबद्दल मला शंका नाही, पण यंत्रातलं तिला काय कळणार.

सोमवार, २३

बिघाड वाढला. शुक्रवारी अकरा बदल, आज सोळा. पण भावांना त्याचा काही त्रास नाही, उलट दोघे यादीत भलते रमले आहेत. थोरल्यांनी विचारलं, “मास्तर, त्या टिपेच्या रकान्यात किती अक्षरं मावतात?” मी सविस्तर सांगितलं. त्यानंतर तासाभराने धाकट्यांनी विचारलं, “टीप लिहिताना नवी ओळ कशी टाकायची?” तेही सांगितलं. विद्यार्थी असे प्रश्न विचारू लागले की मास्तराचा जन्म सार्थकी लागतो.

चिठ्ठ्या मात्र एकदम कमी. आज दिवसभरात एकच गेली, उजवीकडून डावीकडे. ताईंनी टेबलावरून उचलली तेव्हा मला दिसली. ‘पंखा चालू ठेवलास तरी चालेल.’

मंगळवार, २४

वहीत आज उजवीकडून एक तुकडा: ‘तिला यातलं काही कळता का…’ आणि डावीकडून लगेच: ‘मीही तेच म्हणणार हो…’ गिऱ्हाईक आपल्या बायकोपासून काहीतरी लपवतं आहे. महागाचा काटा घेतला असेल. असलं वाचायला लागू नये म्हणूनच मी तो नियम केला होता.

मुदत सोमवारी. वकिलांचा फोन येऊन गेला, कागद तयार आहेत. हा एक बिघाड राहिला तर थोरले म्हणू शकतील, यादी एक झालीच नाही. झोप नीट लागत नाही मला. पहिल्याच कामात नाक कापलं गेलं तर पाटी उतरवून घरात कोळशाच्या रिकाम्या डब्यावर झाकण म्हणून घालावी लागेल.

बुधवार, २५

निकाल लावला. संध्याकाळी सगळे गेल्यावर क्रमांक ४१७ काढून टाकलं. नाव नाही, नंबर मेलेला, आणि सगळ्या कटकटीचं मूळ. बायको नको म्हणाली होती हे खरं, पण धंदा माझा आहे. शिस्त म्हणून एक प्रत माझ्याजवळ ठेवली, उघडून न पाहता. यादी आता निर्मळ. हलकं वाटतं आहे.

गुरुवार, २६

हे सगळं नीट आठवून लिहायला हवं.

साडेनऊला पोचलो. ताई मागे कप विसळत होत्या. मी वही उघडतो तोच डावीकडचं दार उघडलं, आणि उजवीकडचंही. दोघे भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या जवळजवळ त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. थोरले जरा बुटके आहेत.

“मास्तर, वरचं कार्ड कुठे गेलं?” थोरल्यांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं.

“कोणी काढलं?” धाकटे त्याहूनही हळू.

“मी काढलं. बिघाड होता,” मी जरा ऐटीतच सांगितलं.

दोघांनी एकदम सुस्कारा सोडला.

“म्हणजे ताईने नाही,” धाकटे म्हणाले. पण हे ते मला म्हणाले नाहीत. थोरल्यांकडे बघून म्हणाले.

“मलाही तीच भीती,” थोरले म्हणाले. “सकाळी आलो, पाहिलं, आणि जीव टांगणीला. म्हटलं हिने वाचलं आणि काढून टाकलं.”

“मी हाक मारणार होतो तुला.”

“मग मारायचीस.”

“सवय गेली, दादा.”

मी कॉम्प्युटरवरून मान वर केली. हे दोघे बोलत होते. तोंडाने. मी जे काढून टाकलं ते स्प्रिंगबद्दल नव्हतं एवढं तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. जुना लावला तर कसा लागेल. पेटीत होता. ती तिकडे. मी बावीस वर्षं मुलांना म्हणत आलो की प्रश्न नीट वाचा.

“कोणी काय वाचलं?” ताई मागून म्हणाल्या. हातात कपांचा ट्रे.

“काही नाही गं,” थोरले म्हणाले. “यादीतलं काहीतरी.”

ताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. चारही कपांचे कान एका दिशेला केले. मग कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं.

“हाही जोडलेला आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे सगळ्यात वर जे येतं, तेच माझ्याकडे येतं. सतरा तारखेपासून तुम्ही दिवसभर लिहिता आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचते. मला कळू द्यायचं नाही असं ठरवलंत, तेही वाचलं.”

धाकट्यांनी थोरल्यांची बाही धरली होती, ती तशीच धरून उभे राहिले.

“नंबर माझ्याकडे होता,” ताई म्हणाल्या. “सात तारखेला तू मला दिलास, दादालाही सांग म्हणालास. मी कार्डावर लिहिला, लाल शाईने तारीख घातली, आणि याला सांगायचं राहून गेलं. चौदा तारखेला मी आईजवळ होते. याने मला दवाखान्यात विचारलं, धाकट्याला कळवलंस का? मी म्हटलं, तू कळव. मला वाटलं, याच्याकडे आहे. नंतर इथे दुकानात येऊन पेटी उघडली तेव्हा लक्षात आलं. तोवर तुम्ही दोघं एकमेकांना नाही नाही ते बोलून बसला होतात. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत चार वर्षं गेली. तुमच्या चिठ्ठ्या पोचवत राहिले. माझ्यामुळे झालं सगळं, आणि मीच पोस्टमन.”

थोरले खुर्चीत बसले. ते माझ्या खुर्चीत बसले, मी उभा राहिलो. “मी याच्या नावावर काट मारली,” ते म्हणाले. “नंबर ठेवला आणि नाव पुसलं. तू चिठ्ठ्या तरी पोचवल्यास.”

“ताई,” धाकटे म्हणाले, “मला वेळेवर यायला मिळालं नाही, हे दुखतं. दुखणारच. पण काल मला त्यात एकच गोष्ट लिहायची राहिली होती. तिच्याजवळ शेवटी कोण होतं? तू होतीस. पेटीत बघायला तिचा हात सोडून इथे आली असतीस, तर मला जास्त राग आला असता.”

मग ताई रडल्या. मोठ्याने नाही, पण चार वर्षांचं एकदम. धाकट्यांनी त्यांना धरलं, थोरले उठून दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मी टेबलाखाली वाकून सर्व्हरचा प्लग तपासला. प्लग ठीक होता. तरी बराच वेळ तपासला, आणि तिथे माझेही डोळे भरून आले ते कोणाला दिसलं नाही.

वर आल्यावर मी म्हटलं, “कार्डाची प्रत आहे माझ्याजवळ. परत घालू?”

“नको,” ताई नाक पुसत म्हणाल्या. “आता काय बोलायचं ते इथे माझ्यासमोर बोला. आणि चहा गार झाला आहे, तो कोणीतरी दुसरा करा. मी करणार नाही.”

दोघे भाऊ चहा करायला गेले. साखर किती, यावरून आतून वाद ऐकू आला. बराच मोठा वाद होता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. “तुला एकोणीस तारखेलाच कळलं होतं?”

“अहो, माणूस सात वेळा काय लावेल?”

“मला आपलं वाटलं, स्प्रिंग.”

ती हसता हसता भिंतीला टेकली. मी रागावणार होतो, पण माझाच मला इतका राग आला होता की तिच्यासाठी उरला नाही. ते कार्ड काढलं नसतं तर ते दोघे अजून महिनाभर एकमेकांना लिहीत बसले असते, असं मी माझ्या बाजूने सुचवून पाहिलं. ती म्हणाली, “हे मात्र खरं.” एवढ्यावर मी समाधान मानलं.

सोमवार, ३०

शेवटची तपासणी करायला लवकर गेलो. दुकानात कोणी आलेलं नव्हतं. टेबलावरचा फोन वाजला, मीच घेतला. वकील होते.

“तुम्ही कोण?”

“कॉम्प्युटरचे मास्तर.”

“बरं झालं, तुम्हीच भेटलात. काल रविवार असून मला या दुकानातून तीन फोन आले. सकाळी थोरल्यांचा, वाटणी नको, उद्या येऊ नका. दुपारी धाकट्यांचा, तोच निरोप. संध्याकाळी ताईंचा, पुन्हा तोच, वर ‘त्या दोघांनी कळवलं का, खात्री करून घेते’ म्हणाल्या. अहो, एकदा सांगितलेलं मला कळतं. तुमच्या त्या सर्व्हरमध्ये काही बिघाड आहे का?”

मी खुर्चीत नीट बसलो.

“बिघाड नाही,” मी म्हटलं. “आता तिघांकडेही तुमचा नंबर आहे.”